मुलाला अचानक डायबेटिस कसा झाला, आणि इन्सुलिन का थांबवायचं नाही

नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलमधून इन्सुलिन नेणाऱ्या घरांसाठी

काउंटरवर हा प्रश्न आम्हाला सारखा ऐकू येतो. "एवढ्याशा पोराला डायबेटिस? आमच्यात तर कुणालाच नाही. गोड जास्त झालं का हो?" विचारणारी बहुतेक वेळा आई नाहीतर आजी असते, आणि प्रश्न विचारतानाच तिने दोष स्वतःकडे घेतलेला असतो. म्हणून सगळ्यात आधी हे वाचा: गोड खाल्ल्याने टाइप १ डायबेटिस (लहान मुलांना बहुधा होतो तो प्रकार) होत नाही. तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यात पेशींची बारीक बेटं विखुरलेली असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. या बेटांमधल्या बीटा पेशी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनवतात. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींना ओळखायला चुकते. जंतूंवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी आपल्याच बीटा पेशी मारायला लागतात. हे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं चाललेलं असतं आणि मूल बाहेरून ठणठणीत दिसतं. बऱ्याचशा पेशी संपल्या की मग दोन-तीन आठवड्यांत सगळं दिसायला लागतं: शाळेतून आल्याआल्या बाटलीभर पाणी, रात्री चार वेळा लघवी, सैल झालेली पँट, कधी लघवीतल्या साखरेमुळे बाथरूममध्ये लागलेल्या मुंग्या.

डॉक्टर जीएडीसारख्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) रक्ततपासणी लिहून देतात ती हा हल्ला ओळखण्यासाठीच. बेटांविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात असतात हे १९७४ मध्ये लक्षात आलं. खरं नुकसान टी-पेशी करतात, प्रतिपिंडं हा त्या हल्ल्याचा पुरावा.

आता एक मनापासूनची विनंती. पुष्कळ जण इन्सुलिनबरोबर "इम्युनिटी वाढवायचं काहीतरी द्या" म्हणतात. या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या ठिकाणी वार करते आहे. अशा बाटल्या आमच्याही कपाटात आहेत, पण यासाठी आम्ही त्या देत नाही. कारल्याचा रसही मेलेल्या पेशी परत आणत नाही.

टाइप १ चा एक दुर्मीळ पण फार वेगवान प्रकार आहे. जपानमधल्या डॉक्टरांनी तो २००० साली वेगळा ओळखला. सर्दी-तापासारखं काहीतरी होतं आणि आठवड्याच्या आत रुग्ण अत्यवस्थ होतो. यात नेहमीची प्रतिपिंडं बहुधा सापडत नाहीत. एचबीए१सी सुद्धा जवळजवळ नॉर्मल येऊ शकतं, कारण ती तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि इथे साखर वाढून जेमतेम काही दिवस झालेले असतात. म्हणून तो एक आकडा बघून निर्धास्त होऊ नका. परळला किंवा खारघरला कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: ही औषधं प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करतात, आणि क्वचित ती मोकळी झालेली शक्ती बीटा पेशींवर घसरते.

उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. तहान-लघवीबरोबर यातलं काही दिसलं तर ॲसिडिटीची गोळी मागायला आमच्याकडे येऊ नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टी गाठा. बोटातून रक्त घेऊन साखर बघायला एक मिनिटही लागत नाही; पोचल्याबरोबर ती बघायला सांगा.

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांचा डोस खूप उतरतो. उरलेल्या बीटा पेशींना थोडी उसंत मिळते म्हणून असं होतं. एक वडील इन्सुलिनची न उघडलेली कार्ट्रिज परत करायला आले होते, आता ती लागणार नाहीत असं समजून. चेहऱ्यावर इतका आनंद, की त्यांना थांबवणं जड गेलं. हा काळ संपतो, हल्ला चालूच असतो. डोस फक्त डॉक्टरांनी कमी करायचा, आणि बंद कधीच करायचा नाही. मूल तापाने जेवत नसेल तरीही बंद नाही; त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून किती द्यायचं ते विचारा. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी ही मुलं फार दिवस जगत नसत.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरच्या कप्प्यापासून लांब. वापरात असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या खाली. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोली सहज त्याच्या वर जाते. वीज गेली तर ओल्या वाळूच्या माठात बाटली ठेवा. उघडल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहा, किंवा आम्हाला सांगा, आम्ही लिहून देऊ. पाण्यासारखं असायला हवं ते इन्सुलिन गढूळ दिसलं तर टोचू नका. लांब जायचं असेल तर जेल पॅक मागून घ्या, पण बाटली कापडात गुंडाळूनच त्यावर ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी निकामी झालेलं असतं.