तुटक्या बादलीच्या आधीचं आणि नंतरचं : वस्तीतल्या फुटबॉलची पार्श्वभूमी

2022 मध्ये ‘झुंड’ हा सिनेमा आला आणि नागपूरच्या झोपडपट्टी फुटबॉलची गोष्ट घराघरात पोचली. पण त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं एका मास्तरांना एका दिवशी सुचलं आणि झालं. त्या मास्तरांचं, म्हणजे विजय बारसे सरांचं, श्रेय इथे तसूभरही कमी करायचं नाही, पण वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवून उभं करायचं हे काम जगात आणखी कुठे कुठे आणि कसं सुरू झालं ते कळलं की आज ग्राउंडवर कोच जे करतात ते का करतात हे नीट लक्षात येतं.

फुटबॉल आणि गरिबांची पोरं हे नातं तसं जुनं. ग्लासगोत 1887 साली ब्रदर वॉलफ्रिड यांनी सेल्टिक क्लब काढला तोच मुळी शहराच्या पूर्व भागातल्या उपाशी पोरांच्या जेवणासाठी पैसा जमावा म्हणून. खेळायची मोठी माणसं, पैसा जायचा पोरांच्या ताटात. पोराने स्वतः खेळायचं आणि त्या खेळण्यातूनच त्याचं भलं व्हायचं, ही गोष्ट यायला पुढे शंभर वर्षं लागली.

1987, नैरोबीतली मथारे वस्ती. बॉब मुनरो नावाच्या कॅनडाच्या माणसाने तिथे पोरांची लीग सुरू केली. पोरं प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून वर सुतळी बांधून बॉल करायची, आजूबाजूला कचऱ्याचे ढीग, तुंबलेल्या गटारी, त्यातून आजारपणं. मग नियम असा केला की टीमने वस्तीत साफसफाई केली तर लीगच्या टेबलात त्याचे पॉइंट मिळणार, म्हणजे मॅच कितीही जिंका पण फावडं हातात घेतलं नाही तर मागे पडाल. मला ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार कल्पना वाटते, कारण यात पोरांना भाषण कुणी देत नाही, जे शिकवायचंय ते नियमातच घातलंय. याच कामातून निघालेला मथारे युनायटेड 2008 मध्ये केनियाची लीग जिंकला.

दुसरा धागा कोलंबियाचा. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला आणि काही दिवसांत मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. तेव्हा युर्गेन ग्रिसबेक हा जर्मन तिथेच होता. टोळ्यांमध्ये अडकलेल्या पोरांना एकत्र खेळवायचं म्हणून 1996 ला त्याने जे सुरू केलं त्यात रेफरीच नव्हता, मुलंमुली एकाच टीममध्ये, आणि पहिला गोल मुलीनेच मारायचा. आता मुलीला पास दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही म्हटल्यावर दादागिरी करणारा पोरगासुद्धा तिला पास द्यायला शिकतो. पुढे यातूनच ‘फुटबॉल थ्री’ ही पद्धत आली : मॅचआधी दोन्ही टीमनी बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग परत बसून कोण कसं वागलं ते बोलायचं आणि गोलसोबत वागणुकीचेही पॉइंट द्यायचे.

आता नागपूर. बारसे सर हिस्लॉप कॉलेजला क्रीडा शिक्षक. 2001 च्या पावसाळ्यात आडोशाला थांबले असताना त्यांना दिसलं की वस्तीतले पोट्टे भर पावसात चिखलात एक तुटकी बादली लाथाडत फुटबॉल खेळतायत. सरांनी त्यांना खरा बॉल दिला आणि बघत राहिले. जेवढा वेळ ही पोरं ग्राउंडवर तेवढा वेळ नशा, मारामारी, भुरट्या चोऱ्या यापासून लांब, एवढं साधं निरीक्षण होतं ते. मग ‘झोपडपट्टी फुटबॉल’ नावानेच स्पर्धा घेतली तर 128 टीम आल्या. एका शहरात, फक्त वस्त्यांमधल्या! ती पोरं आधीपासूनच खेळत होती, त्यांना बोलावलं कुणी नव्हतं एवढंच. नाव बदला, झोपडपट्टी शब्द बरा वाटत नाही असं तेव्हा लोक म्हणाले असतील तर मला नवल वाटणार नाही, पण तो शब्द उघडपणे बॅनरवर होता हे फार मोलाचं होतं.

रिटायर झाल्यावरचे पैसे सरांनी नागपूरजवळच्या बोखाऱ्याच्या जागेत घातले, अमेरिकेतला मुलगा अभिजीत परत येऊन कामाला लागला, आणि त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेचा संबंध बेघरांच्या वर्ल्ड कपशी जुळला. ही स्पर्धा 2003 मध्ये ऑस्ट्रियात ग्राझला सुरू झाली, चार-चार जणांच्या टीम, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. तिचा एक नियम फार महत्त्वाचा : आयुष्यात एकदाच खेळता येतं. म्हणजे पोरगा जग बघून वस्तीत परत येतो तेव्हा पुढे काय, हा प्रश्न समोर असतोच, आणि नागपुरात त्याचं एक उत्तर निघालं ते म्हणजे कोच हो. 2010 ला रिओत भारताचा कॅप्टन असलेला अखिलेश पॉल नागपूरच्याच वस्तीतला, तोही पुढे कोच झाला. वस्तीतल्या पोराला वस्तीतलाच दादा शिकवतो तेव्हा घरी बाप पिऊन आलाय म्हणून आज पोरगं गप्प आहे हे त्याला सांगावं लागत नाही. 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड स्लम सॉकरला मिळाला.

मुंबईत साधारण याच काळात वेगवेगळ्या वाटा निघाल्या. मॅजिक बस ही संस्था 1999 ला सुरू झाली, तिथे सुरुवात रग्बीने. कफ परेडच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड या तिथेच वाढलेल्या तरुणाने 2006 पासून पोरं जमवली, पुढे त्याचं ऑस्कर फाउंडेशन झालं, आणि तिथला नियम एका ओळीचा : शाळा नाही तर फुटबॉल नाही. परत तेच बघा, मथारेसारखंच, अट खेळालाच बांधलेली.

मागच्या वर्षी एका ग्राउंडवर मी ‘फुटबॉल थ्री’मधला मॅचनंतर बसून बोलायचा तिसरा हाफ बघत उभा होतो. मातीत गोल करून बसलेली पोरं, अर्ध्या जणांच्या पायात चपला पण नाहीत, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, मी तीनदा एकटी होते, यांनी मला बॉलच दिला नाही. कोच ताई काही बोलली नाही. बराच वेळ कुणीच बोलेना, मग कॅप्टन पोरगा खाली मान घालून म्हणाला, आमचा एक पॉइंट कापा ताई. तिने वहीत लिहिलं आणि पुढच्या मॅचसाठी बॉल त्या मुलीच्या हातात दिला.