परासरण

निवडक्षम पटलातून (पाणी जाऊ देणाऱ्या, पण विरघळलेले पदार्थ अडवणाऱ्या पडद्यातून) पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे जाणे म्हणजे परासरण. जुन्या संदर्भग्रंथांत यालाच ‘तर्षण’ म्हटले आहे.

शोधाचे श्रेय वादाचे आहे. फ्रेंच पाद्री झां-आंत्वान नोले यांनी १७४८ च्या सुमारास मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला मूत्राशयाचे पटल बांधून ते पाण्यात बुडवले. पटल फुगून आले. तथापि सजीवांतील या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास आंरी दुत्रोशे यांचा, १८२६ पासूनचा. पाणी आत येण्याला आणि बाहेर जाण्याला वेगवेगळी नावे त्यांनीच दिली. कारण मात्र त्यांनी प्रथम विजेत शोधले, ते टिकले नाही. निरीक्षण नोले यांचे आणि संकल्पना दुत्रोशे यांची, असे मानणेच रास्त दिसते. व्हिल्हेल्म फेफर यांनी १८७७ मध्ये परासरण दाब मोजून दाखवला. पेशीपटलातील पाण्याच्या मार्गिकांचे प्रथिन मात्र पीटर ॲग्रे यांच्या कामातून १९९२ मध्ये स्पष्ट झाले.

समपरासारी, म्हणजे पेशीरसाइतक्याच संहत द्रावणात (तांबड्या रक्तपेशींसाठी सुमारे ०.९ टक्के मीठ) पेशीचे आकारमान बदलत नाही. अवपरासारी, म्हणजे त्याहून विरल द्रावणात पाणी आत शिरते. रक्तपेशी फुटते, वनस्पतिपेशी भित्तिकेमुळे ताठ होऊन तगते. अतिपरासारी, म्हणजे त्याहून संहत द्रावणात पाणी बाहेर पडते आणि वनस्पतिपेशीतील जीवद्रव्य भित्तिकेपासून सुटते. हा रससंकोच.

गोव्यात ही क्रिया बरणीत दिसते. चेपणीची तोरे (मिठात दाबून मुरवलेल्या कैऱ्या) घालताना कोवळ्या कैऱ्यांवर जाड मीठ पसरून वर वजन ठेवतात. पाण्याचा थेंब न घालता खार सुटतो आणि तोरांची साल सुरकुतते. ते पाणी कैरीच्या पेशींतले असते.

खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत) हाच प्रश्न पिकाच्या जिवाशी येतो. बांध फुटून किंवा मानशीची (बांधातील पाण्याच्या वाटेची) दारे नादुरुस्त होऊन खाडीचे पाणी आत शिरले, की साधे भात पाण्यात उभे असूनही कोमेजते. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात आणि मुळांना त्यातून पाणी ओढता येत नाही. म्हणून बांधांची डागडुजी ही केवळ मातीकामाची बाब समजू नये. कोरगुट हे स्थानिक भात बऱ्यापैकी खारेपण सोसते, पण पावसाने जमिनीतले मीठ धुतल्यावरच ते पेरतात. खारफुटीतील तिवर मुळांशी बरेचसे मीठ अडवतो आणि उरलेले पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी त्याच्या पानावर मिठाचे बारीक कण दिसतात.