दारात कोण आलंय, बीएलओ की पक्षाचा माणूस?

"फॉर्म दोन महिन्यांपूर्वीच दिला होता हो, घरी येऊन घेऊन गेले." मतदानाच्या दिवशी यादीत नाव न सापडलेल्या माणसाच्या तोंडून दर निवडणुकीत हे ऐकते. कोण घेऊन गेलं, असं विचारलं की उत्तर येतं, "ते इलेक्शनवाले." या एका शब्दात प्रचार आणि मतदार नोंदणी अशी दोन वेगळी कामं कोंबली जातात.

प्रचार सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत सभा-मिरवणुका बंद होतात, घरोघर भेटी त्या बंदीत येत नाहीत. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागणं गुन्हा आहे. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. तुमच्या परवानगीशिवाय कंपाउंडच्या भिंतीवर काही चिकटवायचं नाही, हे आचारसंहितेतच आहे. आणि दार उघडायचं की नाही ही सर्वस्वी तुमची मर्जी.

नोंदणीसाठी येतो तो बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेकदा जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली नेमलेली ही माणसं. २०२५ मध्ये भारताच्या निवडणूक आयोगाने त्यांच्यासाठी फोटोचं ओळखपत्र ठरवून दिलं, ते बिनधास्त मागा. बीएलओ घरी येऊन पडताळणी करतो, अहवाल देतो; नाव घालायचं की नाही हा निर्णय त्याच्या वरच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा.

खरी फसगत होते ती बीएलए, म्हणजे बूथ लेव्हल एजंट, या तिसऱ्या माणसापाशी. एका अक्षराचा फरक, पण हा पक्षाचा माणूस. मान्यताप्राप्त पक्ष मतदार यादीच्या प्रत्येक भागासाठी असा प्रतिनिधी नेमू शकतो, त्याची नोंद निवडणूक कार्यालयाकडे असते आणि तो लोकांचे अर्ज गोळा करून बीएलओकडे देऊ शकतो. म्हणजे पक्षाच्या माणसाने अर्ज नेला की तो बेकायदाच, असं नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. एरवी एका दिवसात दहापेक्षा जास्त अर्ज देता येत नाहीत, आणि ते आपण तपासले आहेत असं लिहून द्यावं लागतं. एकूण तीसच्या वर अर्ज दिले तर वरचे अधिकारी स्वतः फेरतपासणी करतात. बाकी कुणी अर्जांचा गठ्ठा आणला तर तो घ्यायचाच नाही, असा आयोगाचा नियम आहे. फक्त आपल्या घरातल्यांचे अर्ज एकत्र देता येतात. मग कुठल्याशा पक्ष कार्यालयातून पिशवी घेऊन बिल्डिंगभर फिरणारा, बीएलए नसलेला कार्यकर्ता तुमचा अर्ज नेऊन देणार तरी कुणाला?

त्याहून वाईट म्हणजे, ती कित्येकदा मतदार नोंदणी नसतेच. निवडणुकीनंतरच्या योजनांच्या लाभासाठी 'नोंदणी' किंवा 'सर्व्हे' म्हणून पक्ष नावं, फोन नंबर गोळा करत होते. २ मे २०२४ रोजी आयोगाने सगळ्या पक्षांना हे थांबवायला सांगितलं आणि हा लाचखोरीचा प्रकार ठरू शकतो असं बजावलं. त्या कागदावर सही करून, आधारची झेरॉक्स जोडून आपलं नाव यादीत लागलं असं समजणारी शिकलीसवरलेली माणसं मी पाहिली आहेत. तीच माणसं भर उन्हात चार जिने चढून आलेल्या अंगणवाडी सेविकेला दाराच्या फटीतून "नंतर या" म्हणतात. याचा मला मनापासून राग येतो.

माझा आग्रह एकच: अर्ज स्वतः ऑनलाइन भरा आणि संदर्भ क्रमांक जपून ठेवा. नाही जमलं तर बीएलओच्या हातात द्या आणि फॉर्मच्या तळाची पोच फाडून घ्या. पोच नाही तर फॉर्मही द्यायचा नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो.

फॉर्मचे नंबर फार अवघड नाहीत. नवीन नावाला ६, घर बदललं किंवा दुरुस्ती असेल तर ८, नाव वगळायला ७. कुणी '७' पुढे करून सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नका. खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सही तुमची असते.

आणखी एक, कारण पालिका निवडणुकीच्या हंगामात हाच घोळ पुन्हा होतो. पालिकांच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग वेगळा; तो स्वतः नवीन नावं नोंदवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागांत विभागतो. गेल्या स्थानिक निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर प्रचाराला दारात येऊन "तुमचं नाव घालून देतो" म्हणणाऱ्याला त्या निवडणुकीपुरतं काहीच करता येणार नव्हतं.