पेपर मिलच्या साबणातून डिझेल

लाकडापासून डिझेल म्हटलं की वाटतं भुसा तापवून काहीतरी करत असतील. पण फिनलंडमधल्या लापेनरांता शहरात यूपीएम कंपनी 2015 पासून जे डिझेल बनवतेय ते निघतं पेपर मिलमधल्या साबणातून. हो, साबणच.

होतं काय, पाईनच्या चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवून लगदा करतात, आणि पाईनमध्ये राळ न् तेलकट आम्लं भरपूर असतात, त्यांची कॉस्टिकशी गाठ पडली की साबण तयार होतो आणि उरलेल्या काळ्या द्रवावर, म्हणजे ब्लॅक लिकरवर, सायीसारखा तरंगतो. तो काढावाच लागतो, नाहीतर पुढच्या मशिनरीत फेस करतो, थर धरतो. त्यात सल्फ्युरिक ॲसिड घातलं की साबण फुटून काळपट, वासट टॉल ऑइल सुटं होतं. एक टन लगद्यामागे साधारण 30 ते 50 किलो, बस.

हे तसंच गाडीत ओतलं तर इंजिनाची वाट लागेल. आधी क्षार न् कचरा काढायचा, मग प्रचंड प्रेशरखाली, कॅटॅलिस्टवरून (म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावरून), हायड्रोजनसोबत सोडायचं. तेलातला ऑक्सिजन पाणी होऊन जातो, गंधकही निघतं, उरतात निव्वळ हायड्रोकार्बन, खनिज डिझेलमध्ये असतात तसलेच. नेहमीच्या बायोडिझेलचं तसं नाही, त्यात ऑक्सिजन तसाच राहतो आणि युरोपात पंपावरच्या साध्या डिझेलमध्ये ते 7 टक्क्यांपर्यंतच चालतं. स्वीडनवाल्यांनी तर काम वाटूनच घेतलंय, पितेओच्या सनपाइन कंपनीत अर्धी प्रक्रिया करायची आणि पुढचं काम गोथेनबर्गला प्रीम कंपनीच्या रिफायनरीत.

मग सगळीकडे का नाही करत? कारण कच्चा माल वाढवता येत नाही ना! लापेनरांताचा प्लांट सुरू झाला तेव्हा क्षमता वर्षाला 1 लाख टन. वरचा हिशोब लावा, एवढ्या डिझेलला कमीत कमी 20 लाख टन लगद्यामागचं तेल लागणार, आणि डिझेलसाठी म्हणून कोणी जास्तीचा कागद बनवत नाही. शिवाय गोंदवाले, शाईवाले आधीपासून याच तेलावर टपलेले. मला विचाराल तर याला पेट्रोलियमचा पर्याय म्हणणं जरा जास्तच होतं, मिलमधल्या एका कटकटीचा झकास वापर म्हणा.

आपल्याकडे बल्लारपूरला वगैरे हे का नाही? तिथे बांबू, निलगिरी, सुबाभूळ शिजतं, आणि यांच्यात पाईनसारखी राळच नसते.