खारपाणपट्ट्यातला काचेचा समुद्र

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात खाऱ्या पाण्याचं कोणाला अप्रूप नाही. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला खारपाणपट्टा आमच्या बोअरमधूनच वर येतो. म्हणून भाच्याने पुढच्या खोलीत समुद्री मासे आणि मऊ प्रवाळांची टाकी मांडली, तेव्हा शेजाऱ्यांचा पहिला सल्ला होता, "मीठ कायले विकत आणतं? बोअरचं पाणी टाक न!"

पण खारं म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम त्याच्या तिप्पट. आमच्या बोअरचं पाणी या मापात बसत नाही, वर शेतातल्या युरियाचं झिरपलेलं नायट्रेटही त्यात येऊ शकतं. म्हणून आरओचं पाणी आणि त्यात सागरी मीठ, हाच रस्ता.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी भुकटी धरली, मग दगडांवर हिरवी लव आली. "मामा, पाणी तं आरओचं टाकलं न, मंग हे काहून आलं?"

तपकिरी थराची काळजी नव्हती. ते डायटम. सिलिकाचं कवच बांधणारे हे जीव नव्या टाकीत हमखास येतात आणि सिलिका संपली की बहुधा आपोआप ओसरतात. खरा प्रश्न हिरव्या लवेचा, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. कारण टाकीतलं प्रवाळ स्वतःच शेवाळावर जगतं. त्याच्या पेशींमध्ये झुझॅन्थेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडात साखर बनवतं, त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं आणि बदल्यात प्रवाळाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतं. पाणी फार तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. म्हणजे पीक आणि तण दोघांनाही ऊन तेच लागतं, खतही तेच. शेवाळ मारायला उजेड पार तोडला, तर पीकही उपाशी राहणार.

मग उजेड किती? पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, निळा खोलवर जातो. त्यामुळे प्रवाळांसाठीच्या एलईडीत ४०० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्याचा जोर असतो. भाच्याने मोबाइलच्या ॲपने उजेड मोजला, आकडा कमी आला, म्हणून त्याने दिव्यांचा जोर वाढवला. इथेच फसगत झाली. ॲप उजेड लक्समध्ये मोजतं, आणि लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा पोपटी रंग सगळ्यात जास्त दिसतो, निळा फार कमी. वनस्पतीच्या कामाचा उजेड मोजायचं माप वेगळं, त्याला 'पार' (PAR) म्हणतात. भर दुपारच्या कडक उन्हात तो आकडा २००० च्या घरात जातो. बऱ्याच मऊ प्रवाळांना १०० च्या आसपास भागतं. त्यात पाहुण्यांना दाखवायला दिवे चौदा-चौदा तास चालू. टायमर लावून आठ तासांवर आणले.

उजेड मात्र अर्धाच आरोपी. दुसरा अर्धा खत: माशांची विष्ठा आणि मूठ सैल सोडून टाकलेला खुराक. त्यातून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट. फॉस्फेट वेगळंच, ते दगडांत मुरून बसतं. गंमत अशी, की चाचणीत नायट्रेट शून्य आलं. भाचा खूश! पण ते शून्य शेवाळानेच केलेलं होतं. आलेलं खत लगेच फस्त होत असेल, तर पाण्यात काय उरणार? अशा वेळी कागदावरच्या आकड्यापेक्षा काचेवरचा हिरवा रंग खरा मानावा.

इलाज साधे आहेत. खुराक कमी, दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं, लव हाताने उपटणं, चरायला दोन-चार शंख. मागच्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ ठेवून त्याला रात्री दिवा द्यायचा. खत ते खातं, आपण ते उपटून फेकायचं. शेवाळ हटवायला शेवाळच.

लाइन जाते त्याची धास्ती भाच्याला दिव्यांसाठी होती. दिवे दिवसभर नसले तरी प्रवाळांचं काही बिघडत नाही. जीव जातो तो पंप थांबल्याने, प्राणवायू संपून. म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आधी घ्यावा, महागडा दिवा नंतर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पण आमची हवा कोरडी, म्हणून पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत तोच पंखा इतका चालत नाही. फक्त उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याची.

एक बजावून सांगतो: कठीण, खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. दुकानदार "चालतं" म्हणाला तरी घेऊ नका.

परवा भाच्याने कीटोमॉर्फाचा पहिला गोळा काढला. ताई तो खत म्हणून तुळशीत टाकायला निघाली, वृंदावनापाशी थबकली आणि परत आली. "नको बाप्पा, खारं आहे न थे."