प्रोस्टेटमध्ये जंतू सापडले, पण आजार त्यांनीच केला का?

लघवीच्या कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) रिपोर्टवर 'ई. कोलाय' हा आतड्यातला जंतू दिसला की प्रोस्टेटला, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीला, संसर्ग झाला, असं धरून औषध सुरू होतं. त्याआधी विचारायला हवं: नमुना घेतला कसा आणि लॅबमध्ये पोचला किती वेळात? ऐन मे महिन्यात बार्शीहून घरून भरलेली बाटली एसटीने सोलापुरात आणली, तर वाटेतच जंतू वाढतात. ३७ अंशांच्या आसपास, पोषण मिळालं तर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत एकाचे ६४. म्हणून नमुना लॅबमध्येच द्यावा. ते जमणार नसेल, तर तो दोन तासांत पोचवावा, नाहीतर ४ अंशांवर थंड ठेवावा.

प्रोस्टेटचा जुनाट संसर्ग ओळखायला १९६८ मध्ये मीअर्स आणि स्टॅमी यांनी चार नमुन्यांची पद्धत मांडली. सुरुवातीची ५ ते १० मिली लघवी मूत्रमार्गाची, मधली धार मूत्राशयाची. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबतात; तेव्हा आलेला स्राव तिसरा नमुना आणि त्यानंतरची पहिली लघवी चौथा. शेवटच्या दोहोंत जंतू आधीच्या दोन नमुन्यांपेक्षा दहापट असतील, तर मुक्काम प्रोस्टेटमध्ये आहे. आता बहुतेक ठिकाणी दाबण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोनच नमुने घेतात. मात्र थंडी वाजून ताप असेल, तर प्रोस्टेट मुळीच दाबायची नाही. जंतू रक्तात उतरू शकतात.

संसर्ग नक्की ठरला तरी औषध निवडणं सोपं नाही. रक्तातली फार थोडी प्रतिजैविकं प्रोस्टेटच्या ऊतीत पुरेशी झिरपतात. मूत्राशयाच्या संसर्गावर चालणारं नायट्रोफ्युरँटॉइन तिथे पोचतच नाही. शिवाय ग्रंथीतल्या बारीक खड्यांवर जंतू चिकट थर करून बसतात. त्यामुळे जुनाट संसर्गात कोर्स ४ ते ६ आठवड्यांचा असतो. जळजळ थांबली म्हणून आठव्या दिवशी गोळ्या सोडल्या, की तोच जंतू परत डोकं वर काढतो.

आणि ओटीपोटात, जांघेत महिनोन्‌महिने दुखणाऱ्यांपैकी जंतू सिद्ध होतात ते १० टक्क्यांहूनही कमी जणांत. उरलेल्यांना एकामागून एक प्रतिजैविकं देणं हा अन्याय आहे.

कॅन्सरचा मुद्दा नाजूक आहे. कॅन्सरग्रस्त प्रोस्टेटच्या ऊतीत 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हा त्वचेवरचा जंतू अनेकदा सापडला आहे. तो ऑक्सिजनविना, सावकाश वाढतो. कल्चर १४ दिवसांपर्यंत ठेवावं लागतं. पण बायोप्सीची (तपासणीसाठी ऊतीचा तुकडा काढण्याची) सुई गुदाशयातून किंवा त्वचेतून जाते, आणि लॅबच्या रसायनांतही जंतूंचा डीएनए असतो. मुळात जंतू कमी असलेल्या ऊतीत एवढी भेसळही निष्कर्ष फिरवते. म्हणून ऊतीशिवायचा कोरा नमुना सोबत तपासलेला नसेल, तर अशा निकालावर विसंबू नये. दीर्घकाळची सूज कॅन्सरला वाट करून देते का, यावर संशोधन चालू आहे. जंतूमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होतो, हे अद्याप सिद्ध नाही.

संसर्गात पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, कॅन्सरच्या शंकेसाठी रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) मात्र अनेकदा वाढतो. अशा वेळी आकडा पाहून घाबरू नका. उपचारानंतर ६ ते ८ आठवड्यांनी परत तपासा. तरीही चढाच राहिला, तर एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी टाळू नका.