श्री भवानी वस्तुसंग्रहालय, औंध

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, औंध येथील यमाईदेवीच्या डोंगरावर असलेले कलासंग्रहालय. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी ते १९३८ साली उभारले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या ताब्यात असून त्याला जोडून ग्रंथालयही आहे.

संग्रहालयाचे वेगळेपण त्याच्या जागेतच आहे. ते गावातल्या राजवाड्यात नाही, तर डोंगराच्या चढणीवर, मूळपीठाच्या, म्हणजे डोंगरावरील देवीच्या मूळ मंदिराच्या, वाटेला लागून आहे. त्यामुळे ओटीचे सामान घेऊन देवीला निघालेल्या, एरवी चित्रप्रदर्शनाला मुद्दाम कधी गेल्या नसत्या अशा माणसांच्याही वाटेत चित्रे येतात. महाराष्ट्रात इतक्या सहजपणे यात्रेकरूंच्या पायाशी येऊन थांबलेला कलासंग्रह विरळाच म्हणावा लागेल.

भवानराव स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेण्यासाठीही त्यांनी मोठे परिश्रम घेतले. संग्रहात किरातार्जुनीय (किरातवेषातील शिव आणि अर्जुन यांच्या युद्धाच्या) प्रसंगावरील लघुचित्रमाला, पाश्चात्त्य कलाकृती आणि त्यांच्या प्रतिकृती, तसेच म. वि. धुरंधर यांच्यासारख्या मराठी चित्रकारांची चित्रे आहेत. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे मात्र इथल्या प्रेक्षकाला विशेष जवळची वाटतात. रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी कित्येक पिढ्या मराठी देवघरांत लावल्या गेल्या. त्याच हाताने रंगवलेला कॅनव्हास समोर आला, की लुगड्याच्या काठावरची चमक आणि त्वचेवरचा उजेड छापील तसबिरीत कुठे हरवला होता, हे कोणी न सांगताही उमगते.

हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ हे छोटे पाषाणशिल्पही येथे आहे. विसाव्या शतकातील युरोपीय शिल्पकलेचा असा नमुना खटावसारख्या दुष्काळी मुलखातल्या गावी पाहायला मिळावा, ही गोष्ट भवानरावांच्या रसिकतेची साक्ष देते.

संग्रहालय उभे राहिले त्याच सुमारास, १९३९ मध्ये, महात्मा गांधींच्या सल्ल्याने औंध संस्थानात लोकांच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना अमलात आली. पुढे १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी संग्रह औंधमध्येच राहिला, आणि देवीच्या वाटेवरचे त्याचे दार लोकांसाठी उघडे राहिले.